पाय तर धडधाकट होते

न्यूमोनिया बरा होऊन मी घरी आले तेव्हा ताप नव्हता, छातीचा एक्स-रे सुधारला होता, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ दिसत होता. आणि गाडीतून उतरून लिफ्टपर्यंत मला चालता येत नव्हतं. मुलगा एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, पुढे वॉकर. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी रोज सकाळी ४० मिनिटं चालत होते आणि परत येताना लिफ्ट सोडून तीन मजले जिन्याने चढत होते. पाय मोडला नव्हता, पक्षाघात नव्हता, शस्त्रक्रियाही झाली नव्हती. दुखणं छातीत होतं आणि गेले ते पाय.

माझं वय ७६. चाळीसेक वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं, त्यामुळे वही-पेन्सिल जवळ नसली की मला चैन पडत नाही. दवाखान्यातल्या नऊ दिवसांतही वही उशाशी होती. पहिल्या चार दिवसांच्या नोंदी तुटक आहेत, काही ओळी तर आता माझ्या मलाच लागत नाहीत. पाचव्या दिवसापासून अक्षर सुधारलं आहे. त्या वहीवरून हे लिहिते आहे. लिहावंसं वाटलं, कारण त्या नऊ दिवसांत एक वाक्य तीनदा कानावर आलं, दोनदा दुसऱ्यांबद्दल आणि एकदा माझ्याबद्दल: "पेशंटच उठायला तयार नसतो." माझ्याबाबतीत ते खरं नव्हतं. मला उठायचं होतं. कशाकशाने अडवून धरलं होतं ते एकेक करून सांगते.

भरती झाले त्या रात्री माझं ब्लडप्रेशर खाली गेलं होतं आणि श्वास लागत होता. तेव्हा जे केलं ते करणं भागच होतं. नाकात ऑक्सिजनची नळी, डाव्या हाताला सलाइन, उजव्या हाताच्या बोटाला चिमटा, लघवी किती होते ते मोजायला लघवीची नळी. त्या रात्री मी जगले ती या नळ्यांमुळेच, यात मला शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेशर सावरलं आणि नळ्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. कूस बदलायची तर आधी डावा हात सोडवा, मग उजवा, मग मांडीवरून गेलेली नळी ओढली जात नाही ना ते पाहा. तिसऱ्या दिवशी मी कूस बदलणंच सोडलं. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: "हललं की काहीतरी निघतं."

लघवीच्या नळीने सगळ्यात घट्ट बांधून ठेवलं, हे मला नंतर उमगलं. माणूस अंथरुणातून उठतो तो बहुतेक वेळा लघवीला जायला म्हणून. ती गरजच काढून घेतली की उठायचं सगळ्यात मोठं कारण जातं. पिशवी पलंगाच्या कडेला लटकलेली, ती घेऊन चालायचं कसं हे कोणी दाखवलं नाही, आणि ती लटकवून लोकांसमोरून जाण्याची मला लाजही वाटत होती. चौथ्या दिवशी राउंडच्या वेळी सुनेने सरळ विचारलं, "डॉक्टर, ही नळी अजून कशासाठी ठेवलीय?" तरुण निवासी डॉक्टर होते. त्यांनी फाइल उघडली, दोन पानं मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि म्हणाले, "आता गरज नाही खरं तर." पाच मिनिटांत नळी निघाली. विचारलं नसतं तर किती दिवस राहिली असती कोण जाणे. अशा नळ्या गरज संपल्यावरही राहून जातात, हा जगभरच्या दवाखान्यांतला ओळखीचा प्रकार आहे. जंतुसंसर्गाचा धोका तर त्यात असतोच. वैद्यकातल्या काही मंडळींनी तिला बांधून ठेवण्याचंच एक साधन म्हटलं आहे. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मला जे वाटत होतं ते माझ्या मनाचे खेळ नव्हते.

नळी निघाली त्याच संध्याकाळी मी मावशींना हाक मारून म्हटलं, "मला बाथरूमला जायचंय." त्या बिचाऱ्या चार खाटांमध्ये धावत होत्या. म्हणाल्या, "आजी, डायपर आहे ना, त्यातच करा. कशाला उठताय?" त्यांच्या आवाजात मायाच होती. पण जिला स्वतःच्या पायांनी जाता येतं आणि जायचं आहे, तिला असं सांगितल्यावर आत काय होतं ते शब्दांत सांगणं मला अवघड आहे. मी त्यांचं ऐकलं. ऐकलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता बिछान्याचंच सांगते. पलंग चाकांचा, वरखाली होणारा. औषध देताना, सलाइन लावताना सिस्टरना वाकावं लागू नये म्हणून तो वर घेतलेला असे आणि तसाच राही. कडेला बसले तर माझे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत. पाय टेकल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाने उभं राहायचं कसं? दोन्ही बाजूंचे कठडे वर. गादी अशी मऊ की बूड खोल जाई आणि हाताने रेटा द्यायला काही घट्ट सापडत नसे. पायात दवाखान्याचे गुळगुळीत मोजे. फरशी दिवसातून तीनदा पुसली जाई. चष्मा कपाटातल्या पिशवीत होता, आणि कानातलं यंत्र हरवेल म्हणून मुलाने पहिल्याच रात्री घरी नेलं होतं. म्हणजे मला धड दिसत नव्हतं, धड ऐकू येत नव्हतं, पाय जमिनीला लागत नव्हते, आणि फाइलवर शेरा पडला: "हालचालीस उत्साह कमी."

आणि गाऊन. मागून उघडा, दोन नाड्यांचा, त्यातली एक तुटलेली. समोरच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा, वॉर्डबॉय, येणारे-जाणारे. त्या गाऊनमध्ये मी बोळातून चालत जाईन ही अपेक्षाच चुकीची होती. पाचव्या दिवशी सुनेने घरचे कपडे आणले, मागे घट्ट बसणारी चप्पल आणली. अंगात आपले कपडे आले आणि पाठ आपोआप ताठ झाली. इंग्लंडमध्ये रुग्णांना दवाखान्याचे कपडे उतरवून दिवसा स्वतःचे कपडे घालायला लावायची मोठी मोहीम निघाली होती, २०१८ साली तिला देशभर जोर आला, असं नंतर वाचलं. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

तिसऱ्या रात्रीबद्दल लिहायचं नव्हतं, पण ते गाळलं तर बाकीचं अर्धवट राहील. झोप अशी लागतच नव्हती. रात्री अकराला दिवे, पहाटे चारला प्रेशर, साडेपाचला रक्त काढायला कोणीतरी. मी तक्रार केली म्हणून झोपेची गोळी मिळाली. त्यानंतर मला पडद्यावर छापलेला मजकूर दिसायला लागला. ओळी सरकत होत्या, प्रत्येक ओळीत चुका होत्या आणि मला त्या दुरुस्त करायच्या होत्या. मी हाताने पडद्यावर खुणा करत होते, कठड्यावरून पाय टाकायचा प्रयत्न केला, सलाइनची सुई उपटली. सकाळी मला यातलं निम्मंच आठवत होतं. वृद्ध माणसाला दवाखान्यात असा भ्रम होणं वारंवार घडतं. ताप, अपुरी झोप, अंगातलं पाणी कमी होणं, चष्मा-यंत्र नसणं आणि झोपेची औषधं ही त्याची नेहमीची कारणं. माझ्याकडे त्यातली सगळीच होती. त्या रात्रीचा परिणाम माझ्या चालण्यावर झाला, कारण सकाळपासून माझ्या खाटेवर पाटी लागली: पडण्याचा धोका. आणि मुलाने हात जोडून सांगितलं, "आई, तू उठू नकोस. काही लागलं तर मला सांग. पडलीस तर केवढ्याला पडेल?"

त्याची भीती खोटी नव्हती. दोनच दिवसांपूर्वी पलीकडच्या वॉर्डात एक आजोबा पहाटे बाथरूमच्या दारात पडले होते आणि सगळा मजला त्यानंतर धास्तावला होता. या भीतीचा मी खूप विचार केला. पेशंट पडला की सिस्टरना अहवाल लिहावा लागतो, वरचे विचारतात, नातेवाईक भांडतात. ती घटना असते, तिला तारीख-वेळ असते. पेशंटचं चालणं गेलं तर कुठलाही अहवाल लिहिला जात नाही. ते कोणत्या मिनिटाला गेलं हे कोणाला सांगता येत नाही. ते रोज थोडंथोडं, शांतपणे जातं, आणि घरी गेल्यावर कळतं. म्हणून ज्याची नोंद होते ते टाळायला सगळी यंत्रणा धावते आणि ज्याची नोंद होत नाही ते निसटून जातं. हे मी त्या सिस्टरना दोष द्यायला लिहीत नाही. रात्रपाळीला एक सिस्टर आणि १८ पेशंट असं मी स्वतः मोजलं आहे. एका म्हातारीला हात धरून बाथरूमला नेऊन आणायला १५ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात सहा जणांची इंजेक्शनं होतात. त्या बाईने काय करावं?

पण न उठण्याने धोका टळत नाही, फक्त पुढे ढकलला जातो, आणि पुढे जाताना वाढतो. अमेरिकेतल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या १२ निरोगी माणसांना १० दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं. २००७ साली तो प्रसिद्ध झाला. १० दिवसांत त्यांच्या पायांमधला जवळजवळ १ किलो मांसल भाग घटला. आणि हे निरोगी लोक होते! ताप नाही, जंतू नाहीत, अन्नावरची वासना गेलेली नाही. माझ्या अंगात ताप होता आणि ताट अर्धं परत जात होतं. आजारात शरीर स्नायू मोडून खातं आणि प्रथिनांची गरज वाढते. आजारी वृद्धाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात असं आहारतज्ज्ञ सांगतात. मी त्याच्या निम्म्यावरही नसेन. आडवं होऊन, तोंडाला चव नसताना, एका हाताला सुई असताना कोण किती जेवणार?

वळण आलं पाचव्या दिवशी, आणि ते आलं शेजारच्या खाटेमुळे. तिथे माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या एक ताई आल्या होत्या, खुब्याचं हाड मोडून. आदल्या दिवशी त्यांची शस्त्रक्रिया झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आली आणि तिने त्यांना चक्क उभं केलं. त्या ओरडल्या, रडल्या, पण उभ्या राहिल्या, वॉकर धरून चार पावलं टाकली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. खुब्याची शस्त्रक्रिया झाली की दुसऱ्या दिवशी उभं करायचं, असा नियमच आहे. ते ठरलेलं असतं, कोणाच्या मर्जीवर नसतं. माझे दोन्ही पाय धडधाकट आणि मी पाच दिवस आडवी! न्यूमोनियावाल्याला कधी उभं करायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना "उठू का?" विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "आराम करा." झोपून राहा असं त्यांनी म्हटलं नव्हतं, पण आम्ही सगळ्यांनी ते तसंच ऐकलं.

फिजिओ जायला निघाली तेव्हा मी तिला हाक मारली. म्हटलं, "बाळ, मलाही उठायचंय." ती थांबली. म्हणाली, "आजी, तुमच्या नावाची चिठ्ठी नाहीये माझ्याकडे. डॉक्टरांनी लिहायला पाहिजे. लिहून घेते." आणि तासाभरात खरोखर लिहून घेऊन आली. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

तिने पहिल्यांदा केलं ते हे की खाट खाली घेतली. माझे तळवे जमिनीला टेकेपर्यंत. मग चष्मा मागितला, सुनेला यंत्र आणायला सांगितलं. मग सरळ उठू दिलं नाही. आधी आडव्यानेच दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली, २० वेळा, म्हणजे पोटऱ्यांमधलं रक्त वर चढतं. मग एका कुशीवर, पाय खाटेच्या खाली सोडायचे आणि कोपराने रेटा देत उठून बसायचं. बसल्यावर दोन मिनिटं थांबायचं. "समोर बघा, खाली नको." प्रेशरची पट्टी हातालाच होती. आडवं असताना १३६ होतं. मग तिने सांगितलं, "आजी, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल एवढं वाका आणि मग उठा." मी उठले. खोली काळी झाली. तिने मला कमरेच्या पट्ट्याला धरून परत बसवलं. उभं राहिल्यावरचा आकडा होता १०८.

आडव्यावरून उभं राहिल्यावर वरचा आकडा तीन मिनिटांच्या आत २० किंवा त्याहून जास्त उतरला की तो दोष धरतात. माझा २८ उतरला होता. मी आधी दोनदा उठायचा प्रयत्न केला होता आणि चक्कर येऊन मागे पडले होते, तेच मला "अशक्तपणा" म्हणून सांगण्यात आलं होतं. खरं कारण दोन पदरी निघालं. दिवसेंदिवस आडवं राहिलं की शरीर उभं राहण्याची सवय विसरतं, हा एक पदर. दुसरा असा, की माझ्या घरच्या प्रेशरच्या गोळ्या तशाच चालू होत्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, आणि मला तर चार दिवस ताप, घाम, कमी पाणी. फिजिओने आकडे फाइलमध्ये लिहिले, संध्याकाळी डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि रात्रीची झोपेची गोळीही. दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिले तेव्हा १२४. खोली जागच्या जागी होती.

तिने मला एक आठ पायऱ्यांचं मोजमाप शिकवलं, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या लोकांनी केलेलं. एक म्हणजे नुसतं पडून राहणं, दोन म्हणजे अंथरुणातच हालचाल, तीन कडेला बसणं, चार खुर्चीत जाणं, पाच मिनिटभर उभं राहणं, सहा १० पावलं, सात २५ फूट, आठ २५० फूट. मला हे फार आवडलं, कारण "आज कसं वाटतंय" या प्रश्नाला उत्तर नसतं पण "आज कितवी पायरी" याला असतं. वहीत त्या दिवसापासून रोजचा आकडा आहे. मागचे चार दिवस मी स्वतःच भरले: एक, एक, दोन, दोन.

चार या पायरीवर आम्ही एका साध्या गोष्टीने अडलो. खुर्ची. प्रत्येक खाटेशेजारी एक खुर्ची होती, पण ती कधीच पेशंटची नव्हती. माझ्या खुर्चीवर दोन पिशव्या, थर्मास, औषधांचा डबा आणि वर माझी शाल. त्या हटवल्या की भेटायला आलेलं कोणीतरी बसे आणि मी खाटेवरून त्यांच्याशी आडवं पडून बोले. शिवाय तिला हात नव्हते. हात नसलेल्या खुर्चीतून आमच्यासारख्यांना उठता येत नाही, दोन्ही तळहातांनी रेटा द्यायला आधार लागतो. मुलगा तीन वॉर्ड हिंडून हाताची एक खुर्ची घेऊन आला. त्या दिवसापासून तिन्ही जेवणं मी खुर्चीत बसून घेतली. दिवसातून तीनदा खाटेवरून खुर्चीत आणि परत, म्हणजे सहा वेळा ऊठबस, कोणी फिजिओ न येता. ताटही रिकामं व्हायला लागलं. बसून जेवल्यावर खोकला कमी येतो आणि छातीतला कफ सुटतो, हे सांगायची गरज पडू नये, पण मला ते तेव्हाच कळलं.

सहाव्या दिवशी १० पावलं. माझ्या खाटेपासून बाथरूमचं दार २२ पावलांवर होतं, मी ते डोळ्यांनी कितीदा मोजलं होतं. सलाइनच्या स्टँडचं एक चाक अडकत होतं, त्याने मला एका बाजूला ओढलं. बोळात मध्ये बसायला एकही बाक नव्हता. १० पावलांवर दम लागला तर करायचं काय? आम्ही माझी हाताची खुर्ची मुलाला मागून ढकलत आणायला सांगितली. लोक बघत होते. बघू देत. सातव्या दिवशी मी त्या दारापर्यंत गेले, आत गेले, कडी न लावता दार ओढून घेतलं आणि स्वतःची स्वतः बसले. बाहेर सून उभी होती. "आई, ठीक आहात ना?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मी रडत होते.

याच दिवसांत मुलाशी माझा वाद झाला. तो म्हणे, "फिजिओ आली की चाल, एरवी नको." फिजिओ दिवसातून एकदा येई, २० मिनिटं. बाकीचे साडेतेवीस तास? मी त्याला वहीतून दाखवलं. मग ठरलं: सकाळी तो, दुपारी सून, संध्याकाळी पुन्हा तो, आणि आधी सिस्टरना सांगायचं, पट्टा बांधायचा, चष्मा घालायचा. सिस्टरनी पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सलाइन काढून सुईला टोपण लावून दिलं, म्हणाल्या, "आजी, दोन डोसांच्या मध्ये स्टँड कशाला ओढता?" सहा दिवस हे कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. औषध दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास जात होतं, बाकी वेळ ती नळी नुसती लटकत होती.

नवव्या दिवशी घरी सोडलं. माझी पायरी होती सात. घरी जाण्याच्या कागदावर औषधं होती, रक्ताच्या तपासण्या होत्या, छातीचा एक्स-रे होता. मी येताना कशी चालत होते आणि जाताना कशी चालते याबद्दल एक शब्द नव्हता. मी फिजिओला विचारलं तेव्हा तिने खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायची चाचणी घेतली आणि आकडा माझ्याच वहीत लिहून दिला: २४ सेकंद. १२ च्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. वॉकरची उंचीही तिनेच बसवली. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ, म्हणजे धरल्यावर कोपर थोडा वाकलेला राहतो. घरचे लोक वॉकर आणतात आणि आहे त्या उंचीवर देतात, मग माणूस वाकून चालायला शिकतो.

घरी आल्यावर वाचायला लागले. माझ्यासारखे किती असतात हे मला बघायचं होतं. सत्तरीच्या पुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना दवाखान्यातून बाहेर पडताना अंघोळ, कपडे, चालणं यांपैकी काहीतरी आजारपणापूर्वीइतकं जमत नसतं. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ४५ रुग्णांना हालचाल मोजणारी यंत्रं लावून पाहिलं, २००९ चा अभ्यास आहे. सगळे आधी चालणारे लोक. त्यांनी दवाखान्यातला ८३ टक्के वेळ आडवं राहून काढला. उभं राहण्यात आणि चालण्यात दिवसाकाठी जेमतेम ४३ मिनिटं. रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर १९४७ सालीच लेख लिहिला होता. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि एका अभ्यासात रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर या तिघांनाही विचारलं की वृद्ध रुग्ण चालत का नाहीत. अशक्तपणा, वेदना, नळ्या, पडण्याची भीती ही कारणं सगळ्यांनीच सांगितली. "रुग्णाची इच्छा नसते" हे कारण मात्र फक्त उपचार करणाऱ्यांकडून आलं, रुग्णांकडून नाही. हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

पाय परत यायला नऊ दिवस पुरले नाहीत. सात आठवडे लागले. पहिले दोन आठवडे खुर्चीतून हात न लावता उठायचा सराव, पाच-पाचचे तीन फेरे. ओट्याला धरून टाचा उचलणं. मग वॉकरवरून काठीवर, काठीवरून भिंतीच्या आधाराने. जिन्याची पहिली पायरी चौथ्या आठवड्यात. सहाव्या आठवड्यात तीच तीन मीटरची चाचणी १३ सेकंदांवर आली.

मध्यंतरी माझे थोरले भाऊ दवाखान्यात भरती झाले, मूत्रमार्गाच्या संसर्गाने. मी काठी टेकत गेले. त्यांचा चष्मा, कवळी, मागे पट्टा असलेली चप्पल आणि घरचा सदरा-पायजमा बरोबर नेला. खुर्चीवर तीन पिशव्या होत्या, त्या खाली ठेवल्या. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, त्यांना आराम करू दे ना." मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांना एवढंच विचारा की यांनी खुर्चीत बसलं तर चालेल का, आणि ती नळी कधी निघणार." डॉक्टरांनी दोन्हीला लगेच उत्तर दिलं. ते चिडले वगैरे नाहीत. त्यांना बहुधा कोणी विचारत नाही. भाऊ सहा दिवसांत घरी आले, स्वतःच्या पायांनी.

माझं एक काम अजून राहिलं आहे. जमिनीवरून उठता येत नाही. कधी पडलेच तर दुसरं कोणी येईपर्यंत तशीच पडून राहीन, ही भीती मनात आहे. म्हणून रोज दुपारी गादीवर बसते, सून समोर असते. आधी कुशीवर, मग चार पायांवर, मग एक पाऊल पुढे, एक हात खुर्चीच्या बैठकीवर. काल गुडघा उचलला गेला, पण पुढचं जमलं नाही.